हंड्याची जागा

हंड्याच्या गळ्यात, आतल्या बाजूने, काठ बाहेर वळतो तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा एक हिरवट ठिपका होता. बोटाने घासून तो जात नसे. चिंचेचा कोळ लावून जरा वेळ थांबलं की सुटे, आणि पाणी खाली जाऊन गळा काही दिवस ओलसर राहिला की नेमका त्याच जागी पुन्हा धरे. सत्यशीलाला त्यात गूढ काही वाटत नसे. ओल, हवा आणि तांबं एकत्र आलं की असं होणारच. तिने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. सासूबाईंचा आजार वाढेपर्यंत ती छावणी भागातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मोरचुदाचे निळे खडे बशीत घालून मुलांपुढे ठेवायचे आणि 'हात लावायचा नाही' म्हणून दटावायचं, हे तिथलं तिचं दर वर्षीचं काम.

"गेला का गं?" सुगंधाबाईंनी हंड्यातून मान न काढता विचारलं.

"गेला, आई."

"नीट बघ. चष्मा मग कशाला घातलाय?"

सत्यशीला हसली. आज जूनमधला रविवार आहे, हे सुगंधाबाईंना ठाऊक नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, हेही नाही. समोर बसलेली बाई आपली थोरली सून आहे की शेजारच्या वाड्यातली कुणी, हे दिवसातून अनेकदा बदलायचं. पण राखेत बुडवलेला चिंचेचा गोळा हातात दिला की तो हात चुकत नसे. आधी बूड, मग पोट, मग गळा. एका दिशेने गोल. मध्येच थांबून त्या हंडा उन्हाकडे तिरपा धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. तेवढा वेळ घरात सगळे शहाणे असल्यासारखं वाटे.

धुतलेलं आंबट पाणी सत्यशीला निंबाच्या बुडाशी ओतायची आणि स्वतः हंडा पुन्हा एकदा विसळायची. टँकरचं पाणी आठवड्याला एकदा येत असताना एका हंड्यासाठी दोनदा पाणी वापरणं शेजारणींना उधळपट्टी वाटे. पण तांब्यावर आंबट राहू द्यायचं नाही, हे तिने कधी मोडलं नव्हतं. हे सांगायला बी.एस्सी. लागत नाही. तांब्यात ठेवलेलं ताक कळकतं, हे सुगंधाबाईंनीच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

फोन वाजला. मेघा मॅडमचा होता. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मेघा मॅडम तिची जागा रिकामी झाल्यापासून, परत ये म्हणून तिच्या मागे लागलेल्या होत्या.

"पुढच्या सोमवारी शाळा उघडते. हेडसरांनी मला शेवटचं विचारलंय, सत्यशीला. नाहीतर ते जाहिरात देणार."

"बघते, मॅडम."

"तुझं बघते मला पाठ झालंय. गेल्या वर्षीही बघते. अगं, प्रयोगशाळेत उंदरांनी संसार थाटलाय."

"खरंच बघते."

फोन ठेवताना तिला स्वतःचाच राग आला. शब्द एवढासाच होता आणि त्याच्या मागे तीन वर्षं गेली होती. डॉक्टरांनी अल्झायमर असं नाव सांगितलं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर सगळे उभे होते, दोन्ही मुलगे आणि लेक. आईकडे कोण बघणार, असं कुणी विचारलं नाही. कुणी ठरवलंही नाही. सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले आणि सुगंधाबाई सत्यशीलाचा हात धरून उभ्या राहिल्या, एवढंच झालं.

दारात गाडी थांबली.

गाडीतून धाकटा दीर रामेश्वर उतरला, त्याच्या मागून नवऱ्याची थोरली बहीण सारजाबाई, आणि सगळ्यांत शेवटी रामेश्वरची मुलगी प्रांजली. प्रांजली औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या हातात कागदांची गुंडाळी होती आणि आपण इथे यायला नको होतं असा चेहरा होता.

रामेश्वरचा प्लॉटिंगचा धंदा. पडेगावच्या अलीकडे ज्या माळावर पूर्वी या घराच्या मेंढ्यांचा वाडा बसायचा, त्याच माळाचे त्याने तुकडे पाडून विकले होते. कमानीवर 'निसर्ग पार्क' असं लिहिलेलं होतं. आत झाड नव्हतं आणि नळही नव्हता. खालची जुनी विहीर बुजवून तिथे रस्ता काढलेला, त्यामुळे त्या पार्कातली घरं आणि शेजारची ही जुनी वस्ती, सगळी आता एकाच टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असत.

"चहा नको, वैनी. बसा तुम्ही," रामेश्वर म्हणाला. "दादा, तू पण बस."

शिवशंकर, सत्यशीलाचा नवरा, वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला. तो बाजेच्या कडेला टेकला आणि चपलेच्या अंगठ्याशी खेळू लागला. काहीतरी निघणार आहे, हे त्याला आधीपासून माहीत असावं.

सारजाबाई उभ्याच होत्या. त्यांची नजर हंड्यावर होती.

"आमच्या मायला इतकी वर्षं काय पाजलंस गं तू?"

सत्यशीलाला प्रश्न कळला नाही. "काय पाजलं म्हणजे? पाणी."

"कशातलं?"

"आत्या, मी असं नव्हते म्हणाले," प्रांजली घाईने म्हणाली. "काकू, मी फक्त सेमिनारसाठी वाचत होते. अल्झायमर आणि शरीरातलं कॉपर, असा विषय दिलाय सरांनी. मेंदूत ज्या गाठी होतात ना, त्यांच्यात कॉपर सापडतं, एवढंच मी पप्पांना सांगितलं..."

"एवढंच!" सारजाबाई म्हणाल्या. "ऐक. पोरगी शिकलेली हाय, कागद वाचून सांगायलीय. तांबं डोक्यात जाऊन बसतंय. अन् हिनं आठ-आठ दिस त्या हंड्यातलं पाणी मायला पाजलंय."

"वन्सं, हा हंडा आईंचा आहे. मी आणलेला नाही. घरात पाणी तांब्याचंच पाहिजे, हे त्यांचंच."

"ती अडाणी. तू तर शिकलेली ना?"

"तुम्ही दिवाळीला सगळ्यांना तांब्याच्या बाटल्या वाटल्यात. मोबाइलवर रोज पाठवत होता, तांब्याचं पाणी अमृत म्हणून."

रामेश्वरला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. सारजाबाईंचा चेहरा तापला.

"बाटलीतलं येगळं. ते सांजचं भरून सकाळी पेतात. आठ दिस न्हाई ठिवत कुनी."

"टँकर आठ दिवसांनी येतो. मी काय करू? भाऊजींनी विहीर बुजवली नसती तर रोज ताजं भरलं असतं."

हे तोंडातून गेलं आणि सारजाबाईंनी रामेश्वरकडे पाहिलं. सुगंधाबाई मात्र हंड्याचा काठ चोळत होत्या. कुणाचं तरी भांडण चाललंय, आपल्या घरचं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. शिवशंकर उठला, त्याने आईला हाताला धरून आत नेलं आणि पुढ्यात भाकरी ठेवली. परत येऊन तो पुन्हा चपलेकडे बघत बसला.

"बरं," सारजाबाई सावकाश म्हणाल्या. "मला कागदातलं कळत नाय. तुला कळतंय. मग ठेव हंड्यावर हात अन् सांग. तांब्यानं मायचं डोकं गेलं नाय म्हून सांग. छातीठोक सांग. मी अश्शी उठून जाते अन् परत नाव काढत नाय."

सत्यशीला हंड्याकडे पाहत राहिली. नाही म्हणणं सोपं होतं. तिथे बसलेल्या कुणालाही त्या नाहीचा पुरावा मागता आला नसता. पण ज्या गोष्टीचं उत्तर अजून कुणालाच मिळालेलं नाही, तिला ठाम नाही म्हणायला तिची जीभ वळेना. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली त्याचं एवढंच काय ते तिच्यात उरलं होतं.

"तसं छातीठोक सांगता येत नाही, वन्सं," ती म्हणाली. "तांब्यानेच झालं, असंही कुणाला सांगता येत नाही. अजून ते..."

"झालं!" सारजाबाईंनी टाळी वाजवली. "ऐकलं का रे दोघांनी? तिच्या तोंडानं आलं. सांगता येत नाय म्हनते!"

"काकूंना तसं म्हणायचं नाहीये," प्रांजली म्हणाली.

"तू गप. तुझ्यामुळं तर कळलं."

सत्यशीलाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "कशाला बखेडा? एक हंडाच तर हाय. नेऊ दे."

रामेश्वरने हंडा उचलला आणि गाडीच्या डिकीत आडवा ठेवला. तो अजून ओला होता. "मायसाठी जारचं पाणी लावून देतो," तो म्हणाला. जाताना सारजाबाई उंबऱ्याशी थांबल्या. "मायच्या पाया पड अन् चूक कबूल कर, एवढंच मागितलं असतं कुनी," त्या म्हणाल्या. "पन तुझी मान ताठ."

प्रांजलीच्या हातातले कागद सत्यशीलाने मागून घेतले.

दुपारी तिने ते वाचले. अडलेले शब्द मोबाइलवर पाहिले, पण बरेच अडले नाहीत. तांबं शरीराला लागतंच, असं पहिल्याच पानावर होतं. ते नसेल तर रक्त नीट बनत नाही, नसा दुबळ्या होतात. खाण्यापिण्यातून आलेलं तांबं यकृत गोळा करतं, एका प्रथिनात घट्ट बांधून रक्तात सोडतं आणि जास्तीचं पित्तावाटे बाहेर टाकतं. काही रुग्णांच्या रक्तात हे घट्ट न बांधलेलं, सुटं तांबं थोडं जास्त दिसलेलं. मेंदूतल्या गाठींमध्येही तांबं सापडलेलं. पण त्याच मेंदूच्या इतर भागांत तांबं उलट कमी पडलेलं होतं. म्हणजे जिथे हवं तिथे नाही आणि जिथे नको तिथे साचलेलं. सशांना चरबीचं खाणं देऊन पाण्यात किंचित तांबं घातलं तर त्यांचं बिघडलं. माणसांना मात्र वर्षभर तांब्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तर आजार वाढला नाही आणि कमीही झाला नाही. आधी काय होतं, तांब्याची घडी विस्कटते म्हणून आजार होतो, की आजार होतो म्हणून घडी विस्कटते? कागद लिहिणाऱ्यांनी शेवटी तेच विचारून ठेवलं होतं.

तिला ते कागद आवडले. इतके लोक इतक्या वर्षांत इतकंच खात्रीने म्हणतात आणि पुढे आम्हाला माहीत नाही असं सरळ लिहितात, याचं तिला बरं वाटलं. त्यांना कुणी पाया पडायला लावलं नव्हतं.

आप्पांची, सासऱ्यांची, तिला आठवण झाली. याच हंड्यातलं पाणी ते जन्मभर प्यायले आणि मरायच्या आदल्या आठवड्यातही कुठल्या मेंढीला कितव्या वर्षी जुळी झाली ते सांगत होते. अर्थात एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. हेही तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिने ते सकाळी कुणाला ऐकवलं नव्हतं. आता वाटलं, ऐकवायला हवं होतं. समोरच्यांनी तरी एका म्हातारीवरूनच निकाल दिला होता.

तांब्याचा माग लोकांनी कुठवर काढला होता! यकृतातून रक्तात, रक्तातून मेंदूत. आणि रोज सकाळी त्या म्हातारीचं ओलं लुगडं कोण बदलतं, घास तोंडातच राहिला तर गालाला हात लावून कोण आठवण देतं, याचा माग घरातल्या एकालाही काढावासा वाटला नव्हता. कागदात ते नव्हतं, त्याचं तिला काही वाटलं नाही. ज्यांना ते ठाऊक असायला हवं होतं ते गाडीत बसून गेले होते.

"माझा हंडा कुठंय?" आतून सुगंधाबाईंनी विचारलं.

तो प्रश्न मग आठवडाभर घरात फिरत राहिला. सत्यशीलाने स्टीलची घागर पुढे केली. सुगंधाबाईंनी तिला चिंच लावली, चार वेढे घासलं आणि घागर ढकलून दिली. "हे माझं नाय." पुन्हा दिली तर डोळ्यांत पाणी. निंबाखाली, बाजेखाली, न्हाणीत, शेजारच्यांच्या ओट्यावर त्या हंडा शोधत. तो त्यांच्या नवऱ्याने लोकर विकून शहागंजातून आणलेला, डोक्यावर उपडा घालून पडेगावपर्यंत चालत. ऊन लागत नव्हतं म्हणे, आणि वाटेत पोरं टिचक्या मारत होती. ही गोष्ट त्या पूर्वी हसून सांगत. आता गोष्ट गेली होती आणि हंड्याची जागा तेवढी राहिली होती. ओट्यावर जिथे तो असे, तिथला गोल डाग त्या हाताने चाचपून बघत.

"आण बया," एकदा त्यांनी सत्यशीलाची हनुवटी धरली. "घेतलास तर घेतलास. मी रागं भरत नाय. पर आण."

सत्यशीलाला त्या क्षणी सारजाबाईंपेक्षा नवऱ्याचाच राग जास्त आला. एक हंडाच तर हाय.

"तुम्ही भाऊजींकडून हंडा आणा," तिने शिवशंकरला सांगितलं.

"आता लगेच मागितला तर ताई अजून भडकंल. बघू."

बघू. तिचं बघते आणि त्याचं बघू. या दोन शब्दांवर एक अख्खं घर उभं होतं आणि खाली एकटी तीच खांदा देऊन होती.

पुढच्या रविवारी टँकरचा दिवस होता. आभाळात ढग येऊन जात होते, नुसतेच. सत्यशीला ड्रम पुढे काढत असताना तिला घर गप्प वाटलं. बाज रिकामी. न्हाणी रिकामी. दाराची कडी काढलेली.

शिवशंकरने मोटरसायकल काढली आणि दौलताबादच्या रस्त्याला गेला. त्या रस्त्यावर लोक नव्या कोऱ्या गाड्या कशा चालवतात ते तिला ठाऊक होतं. तिने रामेश्वरला फोन केला. तो आला, वाटेत सारजाबाईंना घेऊन.

"एवढी एक म्हातारी संभाळणं व्हईना?" गाडीतून पाय खाली टाकायच्या आतच सारजाबाई म्हणाल्या. "आधी डोकं घालवलं, आता..."

"आधी शोधू या, वन्सं. मग बोला काय ते."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न ऐकू आला आणि सत्यशीला थांबली. तिला एकदम कळलं. ती कमानीकडे पळत सुटली.

कमानीखालून रस्त्याच्या कडेने भांड्यांची रांग लागली होती. निळे ड्रम, रंगाचे रिकामे डबे, घागरी, कॅन. माणसं सावलीला आणि भांडी उन्हात, अशीच ही रांग असायची. भांड्याचा नंबर तोच माणसाचा नंबर. आवडाबाईची घागर आणि मागचा पिवळा कॅन यांच्या मधोमध एका भांड्याएवढी मोकळी जागा होती. त्या जागेत एक धोंडा ठेवलेला होता. धोंड्यामागे सुगंधाबाई उन्हात उभ्या होत्या. डोईवर पदर, पदरावर चुंबळ, एक हात कमरेवर.

"दमानं घे गं, सत्यशीला," आवडाबाई पुढे आली. ती शेजारच्याच गल्लीतली, बांधकामावर जाणारी. "कवाच्या आल्यात काकू. म्हनल्या हंडा यायलाय, माझा नंबर धर. सावलीला बसा म्हनलं तर ऐकनात. मंग म्याच धोंडा ठिवला. कुनाला मधी घुसू दिलं नाय."

"उपकार झाले, आवडाबाई."

"कशाचे उपकार? बाईचा नंबर हाय तो. म्या लग्न होऊन आले तवा ह्याच इथं हिरीवर त्यांनी मला पैली घागर भरू दिली होती."

सत्यशीलाने चुंबळ सरळ केली. सुगंधाबाईंचं कपाळ तापलेलं होतं. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"कुनाची गं तू? हंडा आणलास?"

रामेश्वर आणि सारजाबाई मागून येऊन उभे राहिले होते. धोंडा, चुंबळ, मोकळी जागा, सगळं त्यांच्या समोर होतं.

"भाऊजी," सत्यशीला म्हणाली, "हंडा आणा."

"आणतो की."

"आत्ता. कुठे आहे?"

रामेश्वरने मान खाजवली. "शहागंजात मोडवाल्याकडे दिला. ओळखीचा हाय तो, ठेवला असंल. थांबा." त्याने फोन लावला. रांगेच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला. आधी हातोड्यांचा ठणठणाट आला आणि मग आवाज.

"हां, बोलो भाई."

"चाचा, वो रविवार को हंडा दिया था ना, तांबे का? पुराना. वो वापस होना."

"वो? वो तो उसीच दिन ठोक के चपटा कर दिये. माल गाडी में गया भी. कायकू परेशान होते, नया लेलो ना, अच्छा वाला देता."

रामेश्वरने फोन बंद केला. सुगंधाबाई वाकून धोंड्यावरची धूळ पदराने झटकत होत्या.

"जाऊ द्या," सारजाबाई म्हणाल्या. "दुसरा घेऊ मायला. तांब्याचा तेवढा नको."

"मंग सोन्याचा घ्या," आवडाबाई म्हणाली आणि रांगेतल्या दोघी-तिघी फिसकन हसल्या.

सारजाबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचा आवाज चढला. रांगेला ऐकू जावं म्हणूनच चढला. "हसायला काय झालं? घरात हिनं दार उघडं टाकलं म्हून माय रस्त्यावर आली. आधी तांबं पाजलं..."

"वन्सं," सत्यशीला म्हणाली, "तीन वर्षांत आई तुमच्या घरी किती रात्री राहिल्या?"

"माझं घर केवढं अन्..."

"भाऊजी, तुमच्या?"

"आमच्या लिफ्टला ती भिते, वैनी. तुम्हाला माहीतच हाय."

"मला माहीत आहे. मला त्या कशाकशाला भितात ते सगळं माहीत आहे. तुम्हाला एक लिफ्ट माहीत आहे." तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी त्या दिवशी खोटं बोलले असते तर तुम्ही उठून गेला असता. मी खरं तेवढंच बोलले आणि तुम्ही त्याचा कबुलीजबाब केलात. तांब्याने झालं का, मला माहीत नाही. जगात कुणालाच अजून माहीत नाही. पण हंडा घासताना त्यांना आपण कोण ते आठवायचं, हे मला माहीत होतं. मला विचारायचं होतं. एकानेही विचारलं नाही."

मोटरसायकल येऊन थांबली होती. शिवशंकर गर्दीच्या कडेला उभा होता, हेल्मेट हातात. त्याने आईकडे पाहिलं, धोंड्याकडे पाहिलं. या वेळी तो चपलांकडे पाहत नव्हता.

टँकरची नळी रांगेत पुढे सरकत आली. आवडाबाईची घागर भरली. नळी धरणारा धोंड्यापाशी येऊन थांबला.

"इथं कशात वतू?"

सुगंधाबाई उकिडव्या बसल्या. त्यांनी पदराचा बोळा केला आणि धोंडा चोळायला घेतला. आधी बूड, मग पोट, मग जिथे गळा असायला हवा होता तिथे. एका दिशेने गोल. मध्येच थांबून त्यांनी मान तिरपी केली आणि एक डोळा मिटला.

"गेला का गं?" त्यांनी विचारलं.

सत्यशीला त्यांच्या शेजारी बसली. "गेला, आई," ती म्हणाली. नळीवाल्याला तिने हाताने थांब अशी खूण केली. तो थांबला, आणि मागची रांगही थांबली. एरवी या रांगेत कुणी कुणासाठी थांबत नसे.

मग ती उठून उभी राहिली आणि तिघांकडे वळली.

"उद्या शाळा उघडते. मी उद्यापासून कामावर जाणार आहे. संध्याकाळी आई माझ्याकडे, रात्री माझ्याकडे. दिवसा कुणाकडे ते तुम्ही तिघं इथेच ठरवा. मी जाणार आहे."